पेटीवाल्याचं नाव काय?



अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. त्या दिवसांत बोरी नदीच्या काठी रात्री भजनी मंडळं बसतात. अशाच एका मंडळापाशी मी उभा होतो. बुवा गात होते ते चांगलंच गात होते. पण माझ्यापुढे बसलेल्या एका आजीबाईंचं लक्ष बुवांकडे नव्हतं. त्यांनी शेजारणीला हळूच विचारलं, "पेटी कोन वाजाडी ऱ्हायना, बई?" शेजारणीला ठाऊक नव्हतं. मग आजीबाईंनी वळून मला विचारलं. मलाही सांगता येईना. बुवांचं नाव कर्ण्यावरून चार वेळा पुकारलं गेलं होतं, मृदंगवाल्याचं एकदा. नारळ कोणी दिले, मंडप कोणी घातला, तीही यादी वाचून झाली होती. पेटीवाल्याचं नाव मात्र कोणी घेतलं नव्हतं.

आज मी तुमच्याशी या पेटीवाल्याविषयी बोलणार आहे. सगळ्या पेटीवाल्यांविषयी बोलायचं तर वेळ पुरायचा नाही. म्हणून एकच माणूस मध्यभागी ठेवतो. ते म्हणजे पंडित गोविंदराव पटवर्धन. पण त्यांच्यापर्यंत पोचायला जरा मागून, आणि आपल्या जळगावावरूनच, यावं लागेल.

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, हे आपणांपैकी पुष्कळांना माहीत आहे. बालगंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सवही जळगावात होतो. पुण्या-मुंबईच्या या नटाचं नाव जळगावला कसं, असं मला एकदा एका मुलानं विचारलं होतं. कारण साधं आहे. १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस लहानपणी काही काळ जळगावला होते, आणि गाण्याचे पहिले धडे त्यांना तिथेच मेहबूबखाँ यांच्याकडे मिळाले. पुढे १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यांना मिळाली, आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली.

बालगंधर्व पुरुष असून स्त्रीभूमिका करीत. त्यांचे शालू, त्यांचे दागिने, अत्तरं, रंगमंचावरचे मखमली पडदे यांच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. त्यांची शालू नेसण्याची आणि केस बांधण्याची ढब पाहून घरंदाज बायका तशी वेशभूषा करू लागल्या, असं जुनी माणसं सांगत. सारा प्रेक्षक त्या एका मूर्तीकडे टक लावून बसे. आणि त्या मूर्तीसमोर, खालच्या बाजूला, अर्ध्या काळोखात साथीदार बसत. त्या काळोखात कोण कोण होतं? तबल्यावर अहमदजान तिरखवाँ, ज्यांना पुढे १९७० साली पद्मभूषण मिळालं. सारंगीवर कादरबक्ष. आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. तिरखवाँसाहेबांचं नाव जगाला कळलं, पण ते तबल्याच्या स्वतंत्र मैफलींमुळे. कादरबक्ष आणि हरिभाऊ ही नावं आज किती जणांच्या ओठी आहेत?

आता हा ऑर्गन म्हणजे काय, ते सांगतो. पुष्कळांनी त्याला पायपेटी म्हटलेलं ऐकलं असेल. आपल्या भजनातली पेटी मांडीपुढे ठेवून, एका हाताने भाता हलवून वाजवतात. म्हणजे एक हात वाऱ्याला आणि एकच हात सुरांना. ऑर्गन टेबलासारखा उंच असतो. खाली दोन पावट्या असतात, त्या आळीपाळीनं दाबत राहायचं. दोन्ही हात मोकळे. उजव्या हातानं गाण्याच्या मागोमाग जावं आणि डाव्यानं खालचा सूर धरून ठेवावा, अशी सोय.

दुसरा फरक कानाला कळतो, डोळ्यांना दिसत नाही. हातपेटीत भाता वारा बाहेर ढकलतो आणि तो सुराच्या पितळी जिभेवरून जातो. विलायती ऑर्गनमध्ये बहुधा उलटी तऱ्हा असते. पावट्यांनी आतला वारा उपसला जातो, आणि पट्टी दाबली की बाहेरचा वारा जिभेतून आत ओढला जातो. त्यामुळे आवाज टोचत नाही, गोलसर आणि भरदार येतो. गुडघ्यानं ढकलायची एक फळी असते, तिनं आवाज फुगवता येतो, दबवता येतो. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी तंबूत किंवा पत्र्याच्या थिएटरात शेवटच्या बाकापर्यंत सूर पोचवायला असंच वाद्य हवं होतं. गाणाऱ्यालाही आधार मिळे. नट रंगमंचावर हिंडत, अभिनय करीत गातो, त्याच्या कानाशी तंबोरा नसतो. खालून येणारा तो अखंड सूर हाच त्याचा तंबोरा.

हे ऑर्गन बहुतेक परदेशातून आलेले. तिकडे ते बनणं पुढे बंद पडलं, आणि आपल्याकडचे वादक जुनीच वाद्यं दुरुस्त करून वापरत राहिले. अलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात ते पुन्हा घडवण्याचे प्रयत्न झाले आहेत.

गोविंदराव पटवर्धनांचा जन्म १९२५ सालचा, गुहागरच्या बाजूचा, म्हणजे ते कोकणातले. मुंबईत नोकरी सांभाळून त्यांनी वाजवलं. त्यांची विद्या मुख्यतः कानाची. नाटकात ते ऑर्गनवर बसत आणि मैफलीत पेटीवर. छोटा गंधर्वांच्या नाटकांत त्यांची साथ म्हणजे ठरलेलीच गोष्ट होती. वसंतराव देशपांडे, राम मराठे, कुमार गंधर्व यांच्याबरोबरही ते वाजवीत. यांतला प्रत्येक गायक वेगळ्या जातीचा. एकाची तान सरळ, दुसऱ्याची वाकडी. एक जण पुढची जागा आधी सुचवतो, दुसरा स्वतःलाच ठाऊक नसलेल्या ठिकाणी उडी मारतो. या सगळ्यांच्या मागून एकच माणूस जाई. १९९६ साली गोविंदराव गेले.

त्यांची ध्वनिमुद्रणं आजही मिळतात. ती ऐकताना मी तीन गोष्टींकडे लक्ष देतो, आणि तुम्हीही द्यावं असं वाटतं.

एक म्हणजे त्यांची पेटी शब्द बोलते. पेटीवर अक्षरं नसतात हे उघड आहे. पण पद गाताना कुठला शब्द लांबवला, कुठला आखडला, श्वास कुठे घेतला, हे ज्याला कळतं त्याच्या बोटांतून पदाची ओळ ओळखू येते. गोविंदरावांनी नुसती पेटी वाजवली तरी जाणकार श्रोता मनात शब्द म्हणू लागतो. त्यासाठी पद पाठ असावं लागतं, चाल पाठ असून भागत नाही. शेकडो नाट्यपदं त्यांच्या बोटांत होती, आणि तीही गायक म्हणेल त्या पट्टीत. काळी एक म्हणा, पांढरी चार म्हणा. पट्टी बदलली की बोटांचा सगळा हिशेब बदलतो. पेटी शिकणाऱ्यांना विचारा, ते हे किती अवघड आहे ते सांगतील.

दुसरी गोष्ट मींडेची. पेटीवर मुख्य आक्षेप हाच की तिच्यात मींड नाही. सा पासून ग पर्यंत सतारीची तार ओढून घसरत जाता येतं, गळ्यानं जाता येतं. पेटीत सा संपतो, मग रे सुरू होतो, मध्ये पायरी. हे खरं आहे, आणि कुणी कितीही वाजवलं तरी ती पायरी नाहीशी होत नाही. पण चांगला वादक ती पायरी ऐकू येऊ देत नाही. तो एक पट्टी पुरती सोडण्याआधी दुसरी हलकेच दाबतो. मधल्या सुराला नुसता स्पर्श करून पुढे जातो, त्याला कण म्हणतात. भात्याचा दाब त्याच क्षणी किंचित कमी करतो. पट्टी अर्धीच दाबली तर सूर दबकत उमटतो, तेही वापरतो. ऐकणाऱ्याचा कान गायकाची मींड ऐकत असतो आणि पेटीची पायरी विसरतो. एका परीनं ही फसवणूकच आहे, पण फार सभ्य फसवणूक.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती सांगायला मला स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

मी नुकताच शिक्षक झालो होतो. वय बावीस. पेटी बरी वाजत असे, आणि ती बरी वाजते हे मला फार चांगलं ठाऊक होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीतला एक मुलगा 'सौभद्र' नाटकातलं एक पद म्हणणार होता. आवाज गोड, पण मुलगा भित्रा. तालमीत आम्ही दोघंच असू, तेव्हा तो छान म्हणे. संमेलनाला तालुक्याची मंडळी आली होती. मुलानं धृपद म्हटलं, टाळ्या पडल्या. मला चेव आला. त्याच्या ओळीच्या शेवटी जी मोकळी जागा होती तिथे मी एक तान घेतली. पुन्हा टाळ्या, यावेळी मला. मग मी दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्याहून लांब तान घेतली. मुलगा श्वास घेऊन पुढच्या ओळीला तयार होता आणि माझी तान संपत नव्हती. तबल्याची सम निघून गेली. तो चुकीच्या जागी उठला, मी दुसऱ्याच जागी होतो, आणि तो थांबला. थांबला तो थांबलाच. खाली मान घालून तो आत निघून गेला. लोकांना वाटलं, मुलगा विसरला. मुख्याध्यापक मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मात्र झकास वाजवलंत." तो मुलगा त्या शाळेत आणखी तीन वर्षं होता. कार्यक्रमात तो पुन्हा गायला नाही. मी त्याला दोनदा विचारलं. तो नुसता हसला.

त्याच्यापाशी मी कधी कबूल केलं नाही की चूक त्याची नव्हती. आज बोलतो आहे ते ऐकायला तो कुठे आहे, ठाऊक नाही.

तेव्हापासून गोविंदरावांचं वादन ऐकताना माझं लक्ष ते काय वाजवतात यापेक्षा कुठे वाजवत नाहीत याकडे जातं. गायक तान घेतो तेव्हा ते मागोमाग असतात, पण अर्ध्या पावलाच्या अंतरानं. गायक एखाद्या सुरावर थांबला की तेही थांबतात आणि तोच सूर धरून ठेवतात. त्यात काही मिसळत नाहीत. गायकानं श्वास घेतला की त्या रिकाम्या जागेत एक छोटा तुकडा येतो, आणि तो गायकाच्या पुढच्या ओळीच्या पहिल्या सुरावर आणून सोडलेला असतो, जसं आपण अंधारात कुणाला हात धरून पायरीपर्यंत आणतो. ज्यांच्या बोटांत एवढी तयारी होती, त्यांना आपली तयारी दाखवण्याचा मोह झाला नसेल असं मला वाटत नाही. तो आवरता येत होता, एवढंच. त्यांनी एकट्यानं पेटी वाजवलेलीही आहे, तिथे त्यांची बोटं कशी धावतात ते ऐकावं, म्हणजे साथीला बसल्यावर ते किती राखून ठेवीत होते याचा अंदाज येतो.

हे दुःख केवळ आपल्याकडचं आहे असं नाही. एक दूरचं उदाहरण देतो, तुम्हाला जरा गंमतीचं वाटेल. इंग्लंडात १९७० च्या सुमाराला अशा गायकांची एक लाट आली की जे पुरुष असून चेहऱ्याला रंग लावीत, चमचमते कपडे घालीत. त्यांतला सर्वांत गाजलेला डेव्हिड बोवी. त्याच्या शेजारी गिटार घेऊन एक जण उभा असे, मिक रॉन्सन. हा हल नावाच्या बंदराच्या गावचा, तिथल्या नगरपालिकेच्या बागखात्यात माळीकाम करणारा. १९७० च्या सुरुवातीला बोवीकडचं बोलावणं घेऊन एक मित्र आला, तेव्हा तो खेळाच्या मैदानावर पांढऱ्या रेघा आखत होता. लहानपणी तो पियानो आणि व्हायोलिन शिकलेला होता, त्यामुळे नुसती गिटार वाजवून तो थांबला नाही. बोवीच्या १९७१ सालच्या एका नामांकित गाण्यामागे जो व्हायोलिनांचा ताफा आहे, तो कुठे केव्हा वाजावा हे यानं लिहून दिलेलं. त्याची गिटार गिब्सन लेस पॉल जातीची होती, तिच्यावरचा रंग खरवडून काढून टाकलेला. गिटारीचा आवाज बदलणारी एक पावटी असते, ती इतर वादक वरखाली हलवीत. हा ती मध्येच एका ठिकाणी अडवून ठेवी. मग गिटार जणू माणसाच्या गळ्यातून, जरा नाकात, बोलल्यासारखी वाजे. १९७३ च्या जुलैत बोवीनं तो ताफा रंगमंचावरूनच मोडल्याचं जाहीर केलं. १९९३ साली रॉन्सन शेहेचाळीस वर्षांचा होऊन वारला. बोवीचं नाव ज्यांना ठाऊक आहे अशा शंभरांना विचारा, रॉन्सनचं नाव किती जण सांगतील?

आपला ऑर्गनवाला पायानं वारा भरतो आणि तो गिटारवाला पायानं सूर वळवतो. दोघांच्या संगीताची तुलना करायची नाही, ती होणारही नाही. पण झगमगाटाच्या शेजारी उभं राहून आपलं काम करणारा माणूस तिथेही आहे, आणि त्याचं नावही तसंच मागे पडतं, एवढं मला सांगायचं होतं.

आता जरा आकाशवाणीविषयी बोललं पाहिजे. त्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती. पेटीत मींड नाही, तिचे बारा सूर ठोकून बसवलेले, ते आपल्या रागांतल्या सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि शेवटी ती परदेशी, असे आक्षेप होते. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या थोर माणसालाही ती नको होती. आक्षेपांत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. ज्यानं तंबोऱ्यावर कान तयार केला आहे त्याला पेटीचा गंधार खटकतोच. पण गावोगावचं भजन, कीर्तन, तमाशा, आपल्या खानदेशातलं वहीगायन, शाळेतली प्रार्थना, हे सगळं त्या काळीही पेटीवरच चाललं होतं. रेडिओवर मात्र ती नव्हती. १९७१ च्या सुमारास ही बंदी सैल झाली. तोवर गोविंदरावांच्या उमेदीची बरीच वर्षं उलटून गेली होती. तीस वर्षं ज्यांनी नाटकाच्या थिएटरात जाऊन ऐकलं त्यांनी ऐकलं, पण खेड्यातल्या श्रोत्याला पेटीचा हा अधिकारी वादक रेडिओवरच्या पेटीतून भेटण्याची वाट बंद होती. आजच्या भाषणात त्यांचं नाव एवढ्या वेळा घेतो आहे, त्याला हेही एक कारण आहे.

शेवटी गुरुजनांशी चार शब्द कामाचे.

तुमच्या शाळेत बहुधा एक पेटी असेल. ती कपाटावर किंवा कपाटाखाली असेल. पंधरा ऑगस्टला ती काढतात, झटकतात आणि सव्वीस जानेवारीपर्यंत पुन्हा ठेवून देतात. पेटी वापरून जितकी झिजते त्यापेक्षा न वापरून जास्त बिघडते. जमिनीवर ठेवू नका, उंदीर आधी भाता कुरतडतात. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, तेव्हा जोर लावून उपटू नका, उन्हाळी हवा लागली की बऱ्याच आपोआप सुटतात. एखादा सूर शीळ घालू लागला किंवा मुका झाला तर बहुधा जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. मऊ पिसानं किंवा पातळ कागदानं तो काढावा. टाचणीनं खरवडू मात्र नये. जिभेचं टोक खरवडलं तर सूर चढतो, बुडाशी खरवडलं तर उतरतो, आणि मग ती पेटी दुसऱ्या कुठल्याही वाद्याशी जुळत नाही. असं खरवडून बिघडवलेल्या पेट्या मी धुळ्याच्या आणि जळगावच्या दोन्ही बाजूंच्या शाळांत पाहिल्या आहेत.

आणि वर्गात एखादं मूल असं असतं की गाणं म्हणायला उभं राहत नाही, पण दुसरा गात असला की बाकावर बोटं चालवतं. त्या मुलाला पेटीवर बसवा. पहिला महिना तान नको, पलटे नकोत. दुसऱ्या मुलानं प्रार्थना म्हणावी आणि यानं नुसता सा धरून ठेवावा. तो गाणारा श्वास कुठे घेतो, हे त्याला ओळखू द्या. मग एकेक सूर. दोघांना समोरासमोर बसवा, म्हणजे पेटीवाल्याला गाणाऱ्याचं तोंड दिसेल.

स्नेहसंमेलनात कार्यक्रमपत्रिका छापाल, निदान फळ्यावर लिहाल, तेव्हा गाणाऱ्याच्या नावाखाली पेटी वाजवणाऱ्याचं आणि तबला वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा, आणि कर्ण्यावरून पुकारा. मागे बसलेल्या एखाद्या आजीबाईंना ते हवं असतं.